विमानांचा बँड ऐकणारा रेडिओ: भंगारातल्या आणि पर्यायी पार्टांतून घरी बांधायचा कसा

विमानाचा पायलट आणि जमिनीवरचा कंट्रोलर एकमेकांशी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात, आणि तेही एएम पद्धतीनं. आपल्या घरातला एफएम रेडिओ १०८ला थांबतो. त्याच्या पुढे ११८पर्यंत विमानांना दिशा दाखवणाऱ्या यंत्रणांचे सिग्नल असतात आणि मग बोलणं सुरू होतं. म्हणजे हा बँड एफएमच्या शेजारीच आहे, फक्त आपल्या रेडिओची पोच तिथपर्यंत नाही.

खानदेशात ऐकायला काय मिळणार, असं कोणी म्हणेल. जळगावचा विमानतळ २०१२ साली सुरू झाला. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरजवळ तांड्याच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवतात. शिवाय मुंबईहून उत्तरेकडे जाणारी जेट विमानं रोज डोक्यावरून जातात. माल भरपूर आहे.

अडचण पार्टांची. या रेडिओचे जे नकाशे सगळीकडे फिरतात त्यांत एनई६०२ ही मिक्सरची आयसी आणि एमसी१३५० ही आयएफची, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीची, आयसी असते. दुसरीचं उत्पादन केव्हाच बंद झालं. पहिलीच्या नावानं जे नग मिळतात त्यांवरचा छाप खरा असेलच याची खात्री नसते. म्हणून या लेखातल्या रेडिओत रेडिओ-फ्रिक्वेन्सीच्या बाजूला एकही आयसी नाही. सगळं काम ट्रान्झिस्टरवर आहे, आणि प्रत्येक ठिकाणी काय चालेल, काय चालणार नाही आणि का, ते सांगितलं आहे.

आधी कायद्याचं

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आकाशवाणी ऐकायला आता परवाना लागत नाही, पण त्यापलीकडचं बिनतारी उपकरण बाळगण्याबाबत आपल्याकडे १९३३चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता आणि त्याची जागा घ्यायला २०२३चा दूरसंचार कायदा आला आहे. परवानगीशिवाय असं उपकरण बाळगणं गुन्हा ठरू शकतो. दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडे लेखी विचारणा करा, किंवा परवानाधारक हॅमच्या (हौशी रेडिओचालकाच्या) अथवा कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली बांधा. उत्तर येईपर्यंत स्पीकरपासून आयएफपर्यंतचं काम करता येतं, तेच निम्म्याहून जास्त आहे. ऐकलेलं रेकॉर्ड करायचं नाही, कुठे टाकायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. आणि या बँडवर आपल्या यंत्रातून काहीही बाहेर जाता कामा नये. या शेवटच्या अटीवरच पुढची बरीच रचना ठरली आहे.

कोणता प्रकार बांधायचा

एका ट्रान्झिस्टरचा सुपररिजनरेटिव्ह रेडिओ सगळ्यात स्वस्त आणि संध्याकाळभरात होणारा. तो बांधू नका. तो ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो त्याच फ्रिक्वेन्सीवर खरखर बाहेर फेकतो, आणि इथे त्या फ्रिक्वेन्सीवर उतरणाऱ्या विमानाचा पायलट असतो.

आपण सुपरहेटरोडाइन बांधणार आहोत, म्हणजे आलेला सिग्नल मिक्सरमध्ये आपल्याच ऑसिलेटरच्या लाटेशी मिसळून एका ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर, आयएफवर, आणणारा रेडिओ. आयएफ १०.७ मेगाहर्ट्झ. ही आयएफ निवडायचं कारण सरळ आहे: प्रत्येक जुन्या एफएम रेडिओत १०.७चा सिरॅमिक फिल्टर आणि कॅन (धातूच्या डबीतली कॉइल) असतात, म्हणजे फिल्टर फुकटात मिळतो.

ऑसिलेटर सिग्नलच्या वर ठेवायचा की खाली? खाली ठेवला तर तो १०७.३ ते १२६.३ला येतो आणि स्थिरही राहतो, पण मग रेडिओची दुसरी नको असलेली फ्रिक्वेन्सी, म्हणजे इमेज, ९६.६ ते ११५.६ला पडते. तिथे एफएमची जोरकस स्टेशनं बसलेली आहेत, ती गाणी घेऊन आत शिरणार. म्हणून ऑसिलेटर वर: १२८.७ ते १४७.७. इमेज १३९.४ ते १५८.४ला जाते, तिथे आपल्याकडे बरीच शांतता असते.

पार्ट जमवताना

जळगावात एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे मी पार्टांची यादी घेऊन गेलो होतो. त्यांनी यादी वाचलीच नाही. म्हणाले, "नंबर राहू दे भाऊ, त्यानं काम काय शे ते सांग." प्रत्येक पार्टापुढे त्याचं काम लिहून काढलं तेव्हा निम्मी यादी त्यांच्या ड्रॉवरमधून पूर्ण झाली. तुम्हीही यादी तशीच करा.

भंगारात काय शोधायचं: गँग (ट्यूनिंगचा फिरता कंडेन्सर) आणि कॉइल असलेला जुना एफएम रेडिओ, जुन्या रंगीत टीव्हीचा ट्यूनर डबा, केबलवाल्याचा बंद पडलेला बूस्टर. यूएसबी-ब्लूटूथवाले नवे स्वस्त रेडिओ घेऊ नका, त्यांत सगळं एका चिपमध्ये असतं आणि काढण्यासारखं काहीच नसतं. उरलेलं जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या बाजारात सुटं मिळतं.

ट्रान्झिस्टर. अँटेनाकडचा ॲम्प्लिफायर, मिक्सर आणि ऑसिलेटर यांचं काम १२० ते १५० मेगाहर्ट्झवर चालतं. तिथे एस९०१८ घ्या. स्वस्त एफएम रेडिओत तोच असतो. बीएफ१९९ही चालतो, टीव्हीच्या आयएफमध्ये सापडतो. बीसी५४७ ऑसिलेटरला लावला तर बऱ्याचदा सुरू होतो, पण बॅटरी उतरली किंवा ऊन वाढलं की बंद पडतो. त्याला ऑडिओतच ठेवा. उलट बूस्टरमधला बीएफआर९१ किंवा २एससी३३५५ पाच-सहा गिगाहर्ट्झपर्यंत चालणारा आहे, आणि तोच त्याचा त्रास आहे. तो नको तिथे स्वतःहून ओरडायला लागतो. तोच लावायचा असेल तर बेसच्या पायात २२ ओहमचा रेझिस्टर घाला. १०.७च्या आयएफ टप्प्यांत तर वेगवान ट्रान्झिस्टर घेऊच नका, तिथे आपला साधा बीएफ४९४ सगळ्यांत शांत.

पायांकडे लक्ष द्या. एस९०१८ आणि बीसी५४७ या दोघांचा मधला पाय बेस आहे, पण कडेचे पाय एकमेकांच्या उलट. बीएफ४९४ आणि बीएफ१९९चा मधला पाय इमीटर. पर्यायी ट्रान्झिस्टर "चालत नाही" अशी जी ओरड असते, ती पुष्कळदा एवढ्यावरच येऊन थांबते. डाग द्यायच्या आधी प्रत्येकाचे पाय मीटरवर तपासा.

व्हॅरिकॅप, म्हणजे व्होल्टेजनं ट्यून करणारा डायोड. टीव्ही ट्यूनरमध्ये बीबी१०९ किंवा त्याच्या जातीचे मिळतील. नाही मिळाले तर साधा १एन४००७ उलटा जोडा. उलट्या व्होल्टेजवर त्याची कपॅसिटी बदलते. मेकप्रमाणे फरक पडतो, म्हणून एकाच पट्टीतले चार-पाच घेऊन लावून पाहा. व्होल्टेज १ ते ८ ठेवा. १च्या खाली नेलं तर ऑसिलेटरच्याच लाटेवर तो चालू व्हायला लागतो आणि ट्यूनिंग बिघडतं.

डिटेक्टर डायोड. ओए७९, १एन३४ किंवा १एन६० मिळाला तर उत्तम. नसेल तर बीएटी८५ किंवा अगदी १एन४१४८. चार्जरच्या बोर्डवरचा १एन५८१९ शॉटकी आहे म्हणून लावायचा मोह होतो, तो आवरा. त्याची कपॅसिटी शंभर पीएफच्या वर जाते, आणि १०.७ मेगाहर्ट्झला ११० पीएफ म्हणजे जेमतेम १३५ ओहम. सिग्नल डायोडमधून जाण्याऐवजी त्याला वळसा घालून निघून जातो.

सिरॅमिक फिल्टर. तीन पायांचे, लाल ठिपक्याचे दोन घ्या. दोन्हींचा ठिपका एकाच रंगाचा हवा. हे फिल्टर दीड-दोनशे ते पावणेतीनशे किलोहर्ट्झ रुंद असतात आणि विमानांचे चॅनल २५ किलोहर्ट्झवर. कागदावर हे वाईट दिसतं. मुंबई-दिल्लीत वाईट ठरेलही, पण आपल्याकडे एका वेळी हवेत फार चॅनल नसतात. रुंद फिल्टरमुळे खरखर वाढते हे खरं, बदल्यात ऑसिलेटर थोडा सरकला तरी आवाज हातचा जात नाही. खानदेशात ही देवाणघेवाण मला पटते. जुन्या वॉकीटॉकीतला अरुंद क्रिस्टल फिल्टर सापडला तरी पहिल्या बांधणीत लावू नका.

कॅन १०.७चाच आहे ना ते बघा. पिवळा, पांढरा, काळा हे मीडियम वेव्हच्या ४५५ किलोहर्ट्झचे, लाल तिथल्या ऑसिलेटरचा. ते इथे कामाचे नाहीत.

कंडेन्सर आणि आपलं ऊन

यावर थोडं थांबतो, कारण इतर ठिकाणच्या नकाशांत हे कोणी लिहीत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. सकाळी २५ अंशांवर लावलेला रेडिओ दुपारी पत्र्याखाली ४५वर असतो, म्हणजे २० अंशांचा फरक.

समजा ऑसिलेटरच्या कॉइलवरची निम्मी कपॅसिटी एन७५० जातीच्या डिस्क कंडेन्सरची आहे. तो दर अंशाला दहा लाखांत ७५० भागांनी घटतो. २० अंशांत दीड टक्का. निम्मा वाटा त्याचा, म्हणून एकूण कपॅसिटी पाऊण टक्क्यानं कमी. फ्रिक्वेन्सी वर्गमुळाच्या नियमानं त्याच्या निम्म्यानं वाढते, म्हणजे ०.३७५ टक्के. १३५ मेगाहर्ट्झचे ०.३७५ टक्के म्हणजे पाचशे किलोहर्ट्झ. सकाळी ऐकलेलं स्टेशन दुपारी वीस चॅनल दूर गेलेलं असतं!

यावर उपाय म्हणजे एनपीओ कंडेन्सर, उन्हानं ज्याची कपॅसिटी जवळजवळ बदलत नाही तो. जुन्या डिस्कच्या माथ्यावर काळा पट्टा असेल तर तो एनपीओ. ऑसिलेटरमध्ये फक्त हेच वापरा. १०२, १०३ छापलेले साधे डिस्क बायपासला चालतात, कॉइलवर नाही. ऑसिलेटरला ७८एल०५चा वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या आणि रेडिओ लावल्यावर दहा मिनिटं थांबून मग ट्यूनिंग करा.

बांधणीची पद्धत

ब्रेडबोर्ड नको, पट्ट्यांचा व्हेरोबोर्डही नको. शेजारच्या दोन ओळींमध्येच काही पीएफ असतात, आणि आपल्या अख्ख्या ऑसिलेटरला वीसच पीएफ हवेत. कॉपर क्लॅडची कोरी पट्टी घ्या, साधारण वीत लांब आणि चार बोटं रुंद. तांबं वर ठेवायचं, तोच अर्थ. क्लॅडचेच छोटे चौकोनी तुकडे कापून वर चिकटवा आणि त्यांवर जोड घ्या. अँटेना एका टोकाला, स्पीकर दुसऱ्या टोकाला, टप्पे एका रांगेत. मागे वळणारी रचना केली तर शेवटच्या आयएफचा सिग्नल पहिल्यात शिरतो आणि रेडिओ शिट्ट्या मारतो.

पुढच्या टप्प्याला हात लावायचा तो मागचा चालू झाल्यावर. आणि सुरुवात स्पीकरकडून.

पहिला टप्पा: ऑडिओ. एलएम३८६, पाय १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरड, पाय ५ वरून २२० मायक्रोफॅरडनं स्पीकर, पाय ५ ते अर्थ १० ओहम आणि ४७ नॅनोफॅरड एकापाठोपाठ. नसेल तर जुन्या रेडिओतली टीडीए२८२२एम घ्या, तिचा जोड तिच्या पायांप्रमाणे करा. पीएएम८४०३चा तयार बोर्ड स्वस्त आणि जोरदार असला तरी लावू नका. त्याचं स्विचिंग रेडिओत ऐकू येतं. इनपुटला बोट लावलं की घर्र आवाज आला पाहिजे.

दुसरा टप्पा: डिटेक्टर आणि एजीसी, म्हणजे सिग्नल जोरात आला की रेडिओला आपोआप मंदावणारी रचना. इथे डोकं शांत ठेवून काम करा. शेवटच्या कॅनच्या दुय्यम गुंडाळीचं एक टोक अर्थला, दुसऱ्या टोकाला डायोडचा पट्टा असलेला पाय, म्हणजे कॅथोड. ॲनोडवरून अर्थला २.२ नॅनोफॅरड आणि १० केचा (के म्हणजे किलोओहम) व्हॉल्यूम पॉट. पॉटच्या मधल्या पायावरून ०.१ मायक्रोफॅरडनं ऑडिओला. ॲनोडवरूनच १५ केनं एजीसी लाइन काढा, लाइनवर अर्थला १० मायक्रोफॅरड (धन पाय लाइनकडे), आणि लाइनवरून पुरवठ्याच्या ८ व्होल्टला १०० के.

या १०० केमधून येणारा प्रवाह पहिल्या दोन आयएफ ट्रान्झिस्टरना बायस देतो, आणि उरलेला १५ केमधून पॉट आणि डायोडकडे जातो. १एन४१४८ला त्यातले काही मायक्रोअँपियर मिळतात आणि तो कायम अर्धवट उघडा राहतो, म्हणून सिलिकॉन असूनही बारीक सिग्नल ओळखतो. सिग्नल जोरात आला की ॲनोड ऋण होतो, लाइन खाली येते, ट्रान्झिस्टर मंदावतात. सिग्नल नसताना लाइनवर साधारण १.२ व्होल्ट हवेत. ही मापणी पहिले दोन आयएफ टप्पे जोडल्यावरच घ्यायची, त्याआधी लाइन वर राहते. आता १एन४१४८च्या जागी जर्मेनियम डायोड लावला तर ॲनोड खाली बसतो आणि लाइनही घसरते. रेडिओ बहिरा वाटतो. दोष डायोडचा नसतो. १०० केच्या जागी ८२ के लावून लाइन परत १.२ला आणायची. एक पार्ट बदलला की शेजाऱ्याची किंमत तपासावी लागते, ती अशी.

तिसरा टप्पा: आयएफ. तीन बीएफ४९४. पहिल्याचा कलेक्टर ३३० ओहमनं पुरवठ्याला आणि तिथून दुसऱ्या सिरॅमिक फिल्टरमधून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. फिल्टरच्या बाहेरच्या पायावर अर्थला ३३० ओहम, आणि तिथून १० नॅनोफॅरडनं बेसला. दुसऱ्याचा कलेक्टर १ केनं पुरवठ्याला, आणि तिथून १० नॅनोफॅरडनं तिसऱ्याच्या बेसला. तिसऱ्याच्या कलेक्टरला १०.७चा कॅन. पहिल्या दोघांचे बेस एजीसी लाइनकडून १ केमधून, इमीटरला ५६० ओहम. तिसऱ्याला स्वतंत्र बायस: ३३ के वर, ६.८ के खाली, इमीटरला ६८० ओहम. प्रत्येक इमीटरवर १० नॅनोफॅरडचा बायपास, पाय शक्य तितके आखूड. प्रत्येक टप्प्याचा पुरवठा १०० ओहम आणि १० नॅनोफॅरडमधून. एकेक ट्रान्झिस्टर जोडत गेलात की खरखर पायरी-पायरीनं वाढली पाहिजे. खरखरीऐवजी एकदम शांतता किंवा शिट्टी आली आणि हात जवळ नेल्यावर ती बदलली, तर टप्पा स्वतःच ओरडतोय. मधे क्लॅडचा उभा तुकडा लावून पडदा करा.

चौथा टप्पा: ऑसिलेटर. ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या दांड्यावर ०.८ मिलिमीटरच्या इनॅमल तारेचे चार वेढे घ्या आणि लांबी चार-साडेचार मिलिमीटरपर्यंत ताणा. सुमारे ७५ ते ८० नॅनोहेन्री मिळतात. एस९०१८चा बेस १० के-१० केच्या मध्यावर आणि १ नॅनोफॅरडनं अर्थला, इमीटरला १ के, कलेक्टर कॉइलमधून ५ व्होल्टला, कलेक्टर ते इमीटर ४.७ पीएफ. कलेक्टरवरून अर्थला छोटा ट्रिमर, आणि २२ पीएफमधून व्हॅरिकॅप, ज्याचा कॅथोड २२ पीएफकडे आणि ॲनोड अर्थला. त्या जोडावर ट्यूनिंगचं व्होल्टेज १०० केमधून द्या. पॉट दहा फेऱ्यांचा मिळाला तर घ्या, नाही तर १० केच्या जोडीला १ केचा बारीक ट्यूनिंगचा. एकूण कपॅसिटी १५ ते २० पीएफमध्ये फिरली की १४७.७ ते १२८.७ पूर्ण होतो.

काउंटर नसताना हे तपासायचं कसं? ऑसिलेटर एफएम रेडिओच्या पट्टीबाहेर आहे, म्हणून त्याला थोडा वेळ पट्टीत ओढायचा. कॉइलवर १० पीएफचा एनपीओ तात्पुरता जोडा आणि ट्यूनिंग सगळ्यात खाली न्या. २० पीएफचे ३० झाले, दीडचं वर्गमूळ १.२२ आणि थोडं, १२८.७ला त्यानं भागलं की १०५. शेजारी एफएम रेडिओ १०५च्या आसपास फिरवा. जिथे खरखर अचानक बंद होऊन मुकं वाटेल तिथे तुमचा ऑसिलेटर आहे. तो ९८ला सापडला तर कॉइल थोडी ताणा, १०८च्या वर पळाला तर दाबा. मग १० पीएफ काढून टाका.

पाचवा टप्पा: मिक्सर आणि अँटेनाचा ॲम्प्लिफायर. मिक्सरचा एस९०१८: बेसला ४७ के वर, १० के खाली, इमीटरला १ के आणि १० नॅनोफॅरड, कलेक्टरला १०.७चा कॅन, कॅनची दुय्यम गुंडाळी ३३० ओहममधून पहिल्या फिल्टरला. फिल्टरच्या बाहेरच्या पायावर इथेही अर्थला ३३० ओहम, आणि १० नॅनोफॅरडनं पहिल्या आयएफच्या बेसला. ऑसिलेटर २.२ पीएफनं मिक्सरच्या बेसला.

अँटेनाचा ट्रान्झिस्टर कॉमन बेस जोडा: बेसला २२ के वर, ६.८ के खाली, १ नॅनोफॅरडनं अर्थला. इमीटरला ६८० ओहम आणि अँटेना १०० पीएफमधून इमीटरला. कलेक्टरला पुन्हा तशीच चार वेढ्यांची कॉइल, वर ट्रिमर, १२७च्या आसपास येईल असा. पुरवठ्याकडच्या टोकापासून एका वेढ्यावर टॅप काढून १० पीएफनं मिक्सरच्या बेसला. पुरवठ्याचं टोक १ नॅनोफॅरडनं अर्थला हवंच.

हा ट्रान्झिस्टर "सिग्नल ठीक येतोय" म्हणून वगळू नका. आपण १२०वर ऐकत असतो तेव्हा ऑसिलेटर १३०.७वर असतो, म्हणजे विमानांच्याच बँडमध्ये. मधे हा ॲम्प्लिफायर नसेल तर ती लाट अँटेनातून बाहेर पडते. त्याचसाठी पूर्ण रेडिओ पत्र्याच्या डब्यात बसवायचा. तेलाच्या डब्याचा पत्रा डाग घेतो. ऑसिलेटरभोवती त्याची वेगळी कोठी करा आणि कडा क्लॅडला डागा. हाच धोका असल्यामुळे असा रेडिओ विमानात सोबत नेऊ नये.

सूर लावणं

आधी दोन्ही कॅन जास्तीत जास्त खरखरीला आणा, प्लॅस्टिकच्या पेचकसानं.

खुणेचा सिग्नल म्हणून ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घ्या. जुन्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर सापडतो. ७४एचसी०४च्या एका गेटवर तो चालवा, आणि त्याची लाट व ५५५ या टायमर आयसीची साधारण एक किलोहर्ट्झची चौकोनी लाट ७४एचसी००च्या एका गेटमध्ये एकत्र करा. त्याच्या हार्मोनिक्स १२०, १२४, १२८, १३२ आणि १३६ला पिंऽऽ असा आवाज देतात. त्याला अँटेना लावायची नाही, टेबलावर बोटभर तार पुरे, आणि काम झालं की बंद. पाच खुणा मिळाल्या की डायलवर पेन्सिलीनं पट्टी आखा. ११८.६ आणि १२२.६च्या सुमाराला मंद पिं ऐकू आली तर ती १४० आणि १४४ची इमेज आहे, खरी खूण नाही. १२८वर ठेवून अँटेना कॉइलचा ट्रिमर जास्तीत जास्त आवाजाला लावा.

गाणी घुसत असतील तरच अँटेनाच्या जोडावर एफएमचा सापळा लावा: ५ मिलिमीटरवर पाच वेढे, सहा मिलिमीटर लांब, त्याच्यापाठोपाठ ५ ते ३० पीएफचा ट्रिमर अर्थला. त्रास देणाऱ्या स्टेशनवर ट्रिमर फिरवून ते दाबून टाका.

अँटेना आणि कुठून काय ऐकू येतं

पाव तरंगाची उभी अँटेना: १२७.५ मेगाहर्ट्झला ५६ सेंटिमीटरची जाड तांब्याची तार उभी, आणि खाली तेवढ्याच चार तारा खाली झुकवून चारी दिशांना. केबल टीव्हीची आरजी-६ चालते. पंचाहत्तर ओहमची आहे म्हणून घाबरू नका, फक्त ऐकायचं असताना तो फरक कानाला कळत नाही.

या फ्रिक्वेन्सी सरळ रेषेत जातात. जमिनीवरून किती लांबचं विमान ऐकू येईल याचा ढोबळ हिशेब: विमानाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२नं गुणा, किलोमीटर मिळतात. ३५ हजार फुटांवरचं जेट म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. ३ हजार फुटांवरचं शिकाऊ विमान सव्वाशे, तेही सातपुडा किंवा अजिंठ्याचे डोंगर मधे नसतील तर. कंट्रोलरची अँटेना मात्र जमिनीवर असते, म्हणून पुष्कळदा पायलटचं बोलणं स्पष्ट आणि समोरचं उत्तर गायब असं होतं. रेडिओत बिघाड शोधत बसू नका. कोणत्या विमानतळाची कोणती फ्रिक्वेन्सी ते भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीत (वैमानिकांसाठीच्या माहितीग्रंथात) छापलेलं असतं, १२१.५ ही सगळीकडे आणीबाणीची.

एका वेळी दोघे बोलले तर शिट्टी येते आणि दोघंही थोडे थोडे ऐकू येतात. एफएममध्ये जोरकस आवाज दुसऱ्याला पूर्ण गिळून टाकतो. इथे दुसरा कोणी बोलतोय हे तरी कळतं, आणि विमानांनी एएम सोडलं नाही त्याचं हे एक मोठं कारण आहे.

पुरवठ्याला यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी आणि ७८०८, म्हणजे ८ व्होल्टचा रेग्युलेटर. मोबाइल चार्जरवर चालवलात तर चार्जरच ऐकू येईल. घरातले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, शेजारच्या विहिरीवरचा मोटारचा ड्राइव्ह हे सगळे या बँडमध्ये खरखर टाकतात. गावात लाइट गेली की बँड किती स्वच्छ होतो ते एकदा ऐका, म्हणजे तुमच्या खरखरीतली किती रेडिओची आणि किती घराची ते समजेल. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज फार कोसळते. ढग दिसले की केबल रेडिओपासून सोडवून घराबाहेर टाका, आणि धाब्यावरची तार सोडवायला वीज चमकायला लागल्यावर वर चढू नका.